जिन्याची पहिली पायरी
(जालना जिल्ह्यातील एका वस्तीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आज मी आपणांशी एका मनुष्याच्या राजकीय जीवनाविषयी बोलणार आहे. त्याच्या पक्षाचा प्रचार करावयास मी उभा नाही, आणि त्याची निंदा करावयासही नाही. मी वकील आहे. न्यायालयात जसा एखादा दस्तऐवज आपण समोर ठेवतो आणि त्यात काय लिहिले आहे एवढेच वाचतो, तसे हे जीवन मला आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. त्यातून काय घ्यावयाचे, हा आपला प्रश्न आहे.

आपणांपैकी पुष्कळांनी अलीकडेच धम्माचा स्वीकार केला आहे. जुनी घरपट्टी भरून झाली, नवे घर बांधावयाचे आहे, अशी आपली अवस्था आहे. अशा वेळी दोन प्रकारचे लोक आपल्या दारी येतात. एक म्हणतो, "राजकारण ही घाण आहे, तुम्ही त्यात पडू नका." दुसरा म्हणतो, "तुमची मते मला द्या, बाकीचे मी पाहतो." दोघांचेही म्हणणे मानले तर परिणाम एकच होतो. आपल्या गावचा कारभार आपल्यावाचून चालतो. म्हणून राजकारणात मनुष्य वर कसा चढतो, कोणाच्या खांद्यावर पाय देऊन चढतो आणि खाली कसा येतो, हे आपण डोळे उघडून पाहिले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. श्री. रावसाहेब दानवे यांचा जन्म १९५५ साली भोकरदन तालुक्यातील जवखेड्याचा. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ दिल्लीत झाला नाही, मुंबईतही झाला नाही. तो भोकरदन तालुक्यात झाला. तेथे ते पंचायत समितीचे सभापती झाले. १९९० साली भारतीय जनता पक्षातर्फे भोकरदनमधून विधानसभेवर निवडून आले, १९९५ साली पुन्हा आले. १९९९ साली त्यांनी लोकसभेची निवडणूक लढविली आणि जालन्याचे खासदार झाले. त्यानंतर २००४, २००९, २०१४ आणि २०१९ या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. २०१४ साली ते केंद्रात राज्यमंत्री झाले, २०१५ ते २०१९ या काळात पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते, २०१९ साली पुन्हा राज्यमंत्री झाले आणि २०२१ साली त्यांच्याकडे रेल्वे खाते आले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईस जाणारी वंदे भारत गाडी सुरू झाली, ती त्याच काळात. आणि जून २०२४ मध्ये काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे यांनी त्यांचा पराभव केला. १९९० पासून २०२४ पर्यंत, चौतीस वर्षे, हा मनुष्य या ना त्या सभागृहात अखंड बसलेला होता.

हा झाला दस्तऐवज. आता तो वाचू.

पहिली गोष्ट ही की, या जिन्याची पहिली पायरी तालुक्यातच होती. ती पायरी आकाशातून पडली नाही. ती कायद्याने बांधली. १९६१ सालच्या महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने १ मे १९६२ पासून या राज्यात पंचायत राज्य आले. तोपर्यंत खेड्यातील मनुष्याला सत्ता म्हणजे पाटील, तलाठी आणि तहसीलदार एवढीच ठाऊक होती. आपल्या मराठवाड्यात तर निजामाचे राज्य जाऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. या कायद्याने शेतकऱ्याच्या पोराला तालुक्याच्या कचेरीत खुर्ची मिळाली. कोणत्या गावाला विहीर द्यावयाची, कोणता रस्ता आधी करावयाचा, कोणत्या शाळेला खोली द्यावयाची, हे तो ठरवू लागला. ज्याच्या गावाला विहीर मिळाली ते गाव त्याला ओळखू लागले. दहा गावे ओळखू लागली की तो सभापती होतो, शंभर गावे ओळखू लागली की आमदार होतो. श्री. दानवे यांची पिढी याच जिन्याने वर गेली, आणि त्यांत सर्व पक्षांचे लोक होते.

आता आपण स्वतःला विचारा. त्या वेळी आपल्या वस्तीत शहाणी माणसे नव्हती काय? होती. मग ती त्या पायरीवर का दिसली नाहीत? एक तर त्या पायरीवर पाय ठेवावयास घरचे बैल, घरची जमीन आणि दहा गावांतील सोयरे लागत असत. आणि दुसरे म्हणजे, आपण आपले सारे लक्ष दिल्लीकडे लावून बसलो. दिल्लीकडे लक्ष असावे. पण दिल्लीचा रस्ता आपल्याच चावडीवरून जातो हे आपण विसरलो.

ती अडचण कायद्याने पुष्कळ अंशी दूर केली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तिन्ही ठिकाणी अनुसूचित जातींस लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या, आणि सरपंच, सभापती व अध्यक्ष ही पदेही पाळीपाळीने राखून ठेवली. स्त्रियांस तिने एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. म्हणजे जी पायरी श्री. दानवे यांना आपल्या बळावर चढावी लागली, ती आज आपल्या घरातील सुनेसाठीसुद्धा कायद्याने मोकळी आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची आहे. २००९ सालच्या लोकसभा निवडणुकीत श्री. दानवे यांच्यासमोर हेच डॉ. काळे उभे होते. दानवे विजयी झाले, परंतु किती मतांनी? साडेआठ हजारांच्याही आत. जालना लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात : जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण. साडेआठ हजारांस सहाने भागा. प्रत्येक मतदारसंघामागे चौदाशे मते होतात. चौदाशे मते म्हणजे काय? मध्यम आकाराच्या काही वस्त्या. दहा वर्षांनी, २०१९ साली, त्यांच्या विजयाचे अंतर सुमारे ३ लाख ३२ हजारांवर गेले. आणि पुढच्या पाच वर्षांत ते सारे वाहून जाऊन सुमारे १ लाख १० हजार मतांनी त्यांचा पराभव झाला. त्या निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराने दीड लाखांहून अधिक मते घेतली, हेही ध्यानात ठेवा.

हे कशाने झाले, याची पुष्कळ कारणे सांगितली जातात. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न साऱ्या मराठवाड्यात पेटला. सोयाबीन आणि कापसाच्या भावाने शेतकरी नाराज होता. राज्यघटना बदलली जाईल, या शंकेने आपल्या वस्त्यांतही त्या वर्षी चर्चा झाली. यांपैकी कोणते कारण किती मतांचे, हे सांगण्याचे तराजू माझ्यापाशी नाही. परंतु एक गोष्ट नक्की. वर चढलेल्या मनुष्याचा शब्द खालच्या पायरीवर फार जोराने आदळतो. मे २०१७ मध्ये जालन्यात कार्यकर्त्यांपुढे बोलताना तूरखरेदीच्या संदर्भात शेतकऱ्यांविषयी दानवे यांच्या तोंडून जे शब्द गेले, त्यांनी राज्यभर संताप उसळला आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. पंचायत समितीच्या ओट्यावर तोच शब्द निघाला असता तर तेथल्या तेथे भांडण होऊन मिटला असता. खुर्ची जितकी उंच, तितका शब्दाचा हिशेब मोठा.

म्हणून "आपली मते थोडी, त्यांनी काय होणार" असे कोणी म्हणाले तर त्याला २००९ चा आकडा सांगा. आणि "आम्हीच अमक्याला पाडले, आम्हीच तमक्याला आणले" अशी फुशारकी कोणी मारू लागला तर त्याला २०१९ चा आकडा सांगा. मताची किंमत मतदानाच्या आदल्या रात्री ठरवावयाची नसते. त्या रात्री जो पैसा येतो तो घेणे म्हणजे पाच वर्षे प्रश्न विचारण्याचा हक्क गहाण टाकणे होय. शिवाय ती लाच आहे; देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार ठरतात.

तिसरी गोष्ट धीराची. डॉ. काळे २००९ साली लोकसभेस पडले. त्याच वर्षी फुलंब्रीतून आमदार झाले. २०१४ आणि २०१९ साली तेथेही पडले. आणि २०२४ साली खासदार झाले. पंधरा वर्षे लागली. आपल्यातील एखादा तरुण ग्रामपंचायतीस एकदा पडला की घरात बसतो, किंवा रागाने दुसऱ्याच्या झेंड्याखाली जातो. पराभव हा राजकारणातील गुन्हा नव्हे. प्रत्यक्ष बाबासाहेब, ज्यांनी घटनेचा मसुदा तयार केला आणि जे देशाचे कायदेमंत्री होते, ते १९५२ साली उत्तर मुंबईतून श्री. नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले, आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. त्यांनी आपले काम सोडले काय? १९५६ साली त्यांनी काय केले, ते आपण सर्व जाणता. त्याचेच फळ म्हणून आपण येथे जमलो आहोत.

या दोन पराभवांत आणखी एक धडा आहे. दोन्ही ठिकाणी ते राखीव जागेसाठी उभे होते, पण मतदान सर्वांचे होते. आजही तसेच आहे. आपल्या जिल्ह्यातील बदनापूर विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथे उमेदवार आपल्यातील असला तरी मते सर्व गावाची लागतात. १९३२ च्या पुणे करारापासून चालत आलेली ही रचना आहे. तेव्हा राखीव जागेवर बसलेला मनुष्य आपला आहे की नाही, हे त्याच्या जातीच्या दाखल्यावरून कळत नाही. तो सभागृहात कोणत्या प्रश्नावर उभा राहिला, यावरून कळते. आणि ज्याला राखीव जागेवरून वर जावयाचे आहे, त्याने मराठा, धनगर, माळी, मुसलमान, बंजारा अशा सर्व शेजाऱ्यांशी माणुसकीचे संबंध ठेवले पाहिजेत. नुसत्या आपल्या वस्तीच्या मतांवर तो पंचायत समितीच्या गणातूनही येणार नाही.

आता दाखल्याचा विषय निघालाच आहे, तर तेथे थोडे थांबतो. कारण नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांचे नुकसान येथेच होते.

१९६२ साली नागपुरातील एका राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. निवडणुकीस आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ साली न्यायालयाने ठरविले की, मनुष्याने आपला धर्म उघडपणे जाहीर केला की तो त्या धर्माचा झाला. आणि त्या वेळच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू किंवा शीख असणे आवश्यक होते. सबब डॉ. मेश्राम यांची निवड रद्द झाली. महाराष्ट्र सरकारने आपल्या सवलती नवबौद्धांस १९६० सालीच दिल्या होत्या, परंतु विधानसभेच्या राखीव जागेचे दार बंद राहिले. ते उघडण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस घटनात्मक सवलती मिळाल्या. आज आपण बौद्ध आहोत असे उघड्या छातीने सांगूनही आपण राखीव जागेवर उभे राहू शकता.

मात्र कागद पाहिजे. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक भगिनी आली. राखीव जागेवरून ती ग्रामपंचायतीची सदस्य झाली होती. गावात नळाचे पाणी आपल्या वस्तीपर्यंत यावे म्हणून ती भांडत होती, आणि पाणी येण्याच्या बेतात होते. इतक्यात तिचे सदस्यत्व गेले. का? जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दाखल झाले नाही. घरच्यांनी धम्म स्वीकारल्यावर जुनी कागदपत्रे नकोशी वाटून टाकून दिली होती. आजोबांचा शाळेचा उतारा निजामकाळातील, उर्दूत. तो शोधण्यात आणि त्याचे भाषांतर करवून घेण्यात मुदत सरली. ती मला म्हणाली, "साहेब, ज्या जातीचे नाव टाकून आम्ही बाहेर पडलो, तेच नाव पुन्हा शोधत फिरायचे?" तिच्या प्रश्नाला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो. ते नाव आपण अंगावर मिरवावयाचे नाही. ते पुरावा म्हणून पेटीत ठेवावयाचे. ज्या अन्यायाची भरपाई मागावयाची, त्या अन्यायाचा कागद फाडून चालत नाही.

स्थानिक संस्थांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या उमेदवाराने ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिले नाही, तर निवड आरंभापासूनच रद्द समजली जाते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक ठरविली आहे. तेव्हा निवडणूक लागण्याची वाट पाहू नका. वडिलांचा, आजोबांचा शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा आजच काढा. १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा जपून ठेवा. घरातील एका मुलाचे वैधता प्रमाणपत्र झाले की भावंडांचे काम पुष्कळ सोपे होते.

आता शेवटची गोष्ट. मी आपणांस जिन्याची पहिली पायरी चढावयास सांगत आहे. पण ती पायरीच काढून घेतली तर? आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात राहिला आणि राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्या वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती गेल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली; वरच्या माळ्यावरची माणसे बदलली. खालच्या पायऱ्या मात्र रिकाम्या राहिल्या. अशा वेळी वर कोण जातो? ज्याच्या घरात आधीच वरची खोली आहे, तो. आपल्या जिल्ह्यात श्री. दानवे यांचे पुत्र २०१४ पासून भोकरदनचे आमदार आहेत. खासदार कै. अंकुशराव टोपे यांचे पुत्र श्री. राजेश टोपे १९९९ पासून आमदार होते, राज्याचे आरोग्यमंत्रीही झाले आणि २०२४ साली थोडक्या मतांनी पडले. यात एका पक्षाचा दोष नाही. जेथे पहिल्या पायरीवरून नवी माणसे येत नाहीत, तेथे वारस येतात.

म्हणून निवडणूक असो वा नसो, तीन कामे आपल्या हातात आहेत. पहिले काम ग्रामसभेचे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यास घरातील एक पुरुष आणि एक स्त्री गेलीच पाहिजे. दुसरे काम हिशेबाचे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि जिल्हा परिषदेने २० टक्के खर्च करावे असा नियम आहे. खासदारास वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातील १५ टक्के, म्हणजे ७५ लाखांची कामे, अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवावीत असे त्या योजनेचे मार्गदर्शन आहे. खासदार आपल्या पक्षाचा असो की दुसऱ्याच्या, हा हिशेब माहितीच्या अधिकारात लेखी मागा. तिसरे काम माणूस तयार करण्याचे. वस्तीतील एक शिकलेला मुलगा आणि एक शिकलेली मुलगी निवडा. त्यांना ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचावयास शिकवा, ठराव लिहावयास शिकवा, आणि त्यांचे कागद आजच पूर्ण करा.

बंधूंनो आणि भगिनींनो, जवखेड्याचा एक तरुण पंचायत समितीतून दिल्लीस गेला, आणि चौतीस वर्षांनी मतदारांनी त्याला घरी बसविले. त्याला वर नेणारा आणि खाली आणणारा हात एकच होता, आणि त्या हाताच्या बोटावरील शाई आपल्याही बोटावर लागते. पुढच्या वेळी जो कोणी मते मागावयास आपल्या वस्तीत येईल, त्याला चहा द्या, बसावयास सतरंजी द्या, आणि मग त्या १५ टक्क्यांचा कागद त्याच्यापुढे ठेवा. तो काय उत्तर देतो, ते वस्तीच्या वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी ती वही घेऊन आपल्यातीलच कोणी त्या पायरीवर उभा राहावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

जय भीम.